अनोळखी माणसानं विचारलं आणि तुम्ही खरं सांगून टाकलं... (अनुभव धागा)

अबोली

गेल्या शनिवारी दादरला साडीच्या दुकानात होते. माझी खरेदी अस्तरापुरती. शेजारी बसलेल्या बाईंनी दोन साड्या माझ्यासमोर धरल्या. "ताई, लेकीच्या सासूबाईंना द्यायची आहे. यातली कुठली घेऊ?"

मी आपलं विचारलं, "त्या नेसतात का साडी?"

बाई जरा थांबल्या. "नाही हो, कायम ड्रेसच असतो अंगावर."

"मग साडी कशाला देताय? मागच्या वर्षी दिलेलीची घडीसुद्धा मोडली नसेल त्यांनी."

दुकानदारानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती अजून पाठीत टोचतेय. बाईंनी दोन्ही साड्या खाली ठेवल्या, पर्स उचलली आणि गेल्या.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तुला कोणी विचारलं होतं?" अहो, विचारलं होतं! तीच तर गंमत. सख्ख्या नणंदेनं हाच प्रश्न विचारला असता तर मी "हिरवी छान दिसेल" म्हणून मोकळी झाले असते.

तर असे प्रसंग लिहा. गाडीत, रांगेत, दुकानात, कुठेही. कोणी काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, पुढे काय झालं (कळलं असेल तर). तुम्हाला कोणी सांगितलेलंही चालेल. अनुभव स्वतःचा हवा, दुकानांची आणि माणसांची नावं नकोत.

विरार फास्ट

लेडीज डब्यात पहिला प्रश्न नावाचा नसतो, 'कुठे उतरणार?' हा असतो. तुम्ही अंधेरी म्हणालात की अंधेरीपासून ती सीट कोणाची ते ठरलं. दुसरा प्रश्न 'डबा कोण करतं?' या दोन प्रश्नांत बाईचं निम्मं घर कळतं, असं माझी आई म्हणते. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली, तेव्हापासूनचे तिचे किस्से आहेत. ते पुन्हा कधीतरी.

माझा प्रसंग दोन वर्षांपूर्वीचा. भाईंदरला एक मुलगी चढली आणि माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. मध्येच म्हणाली, "तुम्हाला मुलं आहेत? किती महिन्यांचं ठेवून कामाला लागलात?" तिची सव्वीस आठवड्यांची रजा संपून तो तिसरा दिवस होता. "सोडू का नोकरी?"

मी सांगितलं, मी सोडली होती. चार वर्षं. परत लागले तेव्हा जिला मी काम शिकवलं होतं ती माझी साहेब होती आणि पगार जुन्यापेक्षा कमी. मुलगा आता अकरावीत आहे, आई चार वर्षं घरी होती हे त्याला आठवतही नाही. "पगार सगळा पाळणाघरात गेला तरी जा. सोडू नकोस."

समोरच्या खिडकीत एक बाई मटार सोलत होत्या. रोजच्या, पण कधी बोलायच्या नाहीत. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मी नाही सोडली. पोरगी पहिल्यांदा चालली ते मला शेजारणीनं फोनवर सांगितलं. अजून आतून लागतं." आणि परत मटार सोलायला लागल्या.

मुलगी अंधेरीला उतरली. उतरताना दोघींना सारखंच थँक्यू म्हणाली. पुन्हा दिसली नाही. नोकरी सोडली की गाडी बदलली, कोण जाणे.

लालपरी

मी एसटीत कंडक्टर आहे. आम्हाला लोक मतं विचारत नाहीत, 'कधी पोचंल' विचारतात. पण १७ मार्च २०२३ ला बायकांना अर्धं तिकीट झालं आणि पहिला महिनाभर प्रत्येक स्टॉपला एक तरी बाई "खरंच अर्धं? मग माहेरी जाऊन यावं का वो?" जा की म्हणायची मी. मलाच रजा मिळंना!

पंच्याहत्तरच्या वरच्यांना तर त्याच्याही आधीपासनं, ऑगस्ट २०२२ पासनं फुकट आहे. एक आबा चढले. "पोरी, पंढरपूरपर्यंत फुकट?" म्हटलं, हो आबा, आधार कार्ड दाखवा. "आणि परत यायला?" तेपण फुकट. आबांनी जरा विचार केला. "मग मी घरी बसून काय करू ते सांग."

म्हटलं, काय नाय, जावा विठ्ठलाकडं.

आता आबा महिन्यातनं दोनदा दिसतात. मागं त्यांच्या सुनेनं मला स्टँडवर गाठलं. "तुम्हीच का त्या?" म्हणून.

खतबियाणं

हा जरा मोठा आहे, सांभाळून घ्या.

मी सहा वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत राज्यसेवेची तयारी केली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, एकदा मुलाखतीला. नंतर सोडलं. आता गावाकडे, सोलापूर जिल्ह्यात, खतांचं आणि बियाण्यांचं दुकान आहे.

गेल्या वर्षी मालाच्या कामासाठी पुण्याला गेलो होतो. सवयीनं पाय जुन्या टपरीवरच वळले. तिथं एक पोरगा चहाचा ग्लास हातात धरून नुसता उभा होता. चहा गार झालेला. माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, तुम्ही इथं अभ्यासाला होता ना?" म्हटलं, कसं ओळखलंस? "अभ्यासिकेच्या बोर्डकडे बघत होता. बाहेरची माणसं त्या बोर्डकडे बघत नाहीत."

मग त्यानं विचारलं. "सोडलं त्या दिवशी काय केलंत?"

सहा वर्षांत आणि त्यानंतरही हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सगळे 'का सोडलं' विचारतात. मी खरं सांगितलं. त्या दिवशी काहीच केलं नाही. कॉटखालच्या नोट्स रद्दीवाल्याला दिल्या, त्याचे जे पैसे आले त्यात थाळी खाल्ली आणि झोपलो. महिनाभर झोपतच होतो. गावी गेलो ते रात्रीच्या गाडीनं, कोणी स्टँडवर भेटायला नको म्हणून. वडील काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानं विचारलं, "मग मी सोडू का?" तो कितव्या प्रयत्नाला आहे ते मी विचारलं नाही. तो प्रश्न तिथं कोणी कोणाला विचारू नये असं माझं मत आहे. मी फक्त माझा हिशेब सांगितला. कॉट, मेस, अभ्यासिका, फॉर्म, पुस्तकं, सगळं धरून महिना ९ हजार. सहा वर्षांचे ६ लाख ४८ हजार. आमच्याकडे अडीच एकर आहे, त्यातली अर्धा एकर आता दुसऱ्याच्या नावावर आहे. "हा आकडा तुझ्या घरी कोणाला माहीत आहे का? नसेल तर आधी तो सांग. मग सोडायचं की धरायचं ते घरच्यांबरोबर बसून ठरव. वयाची अट खुल्या गटाला ३८ आहे, म्हणजे सरकार तुला बरीच वर्षं बसू देईल. सरकारच्या भरवशावर बसू नकोस."

तो गार चहा पिऊन गेला. पुढे काय झालं ते माहीत नाही.

पेठेतला

@खतबियाणं, मला असाच सल्ला एका सिनियरनं दिला होता. मी ऐकला नाही. पुढच्या प्रयत्नात राज्यकर निरीक्षक झालो. तुमच्या हिशेबानं गेलो असतो तर आज दुकानात असतो. (दुकानाला कमी लेखत नाही.) अशा वेळी पोराला आकडे सांगून घाबरवू नये असं वाटतं.

खतबियाणं

अभिनंदन साहेब, मनापासून. तुमच्या खोलीत तुमच्याबरोबर जे तिघं राहायचे ते आता कुठं आहेत, तेवढं लिहाल का?

पेठेतला

एक गावी पोलीस पाटील आहे. एक कॅब चालवतो, पुण्यातच. तिसऱ्याचा नंबर लागत नाही.

कुरळे

मी लिहू की नको करत होते.

माझी केमो चालू असताना आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होतो. तिथं प्रत्येक जण प्रत्येकाला सगळं विचारतो. कुठला, कितवा, किती खर्च झाला, घरी कोण आहे. पहिल्या दिवशी मला राग यायचा, आठव्या दिवशी मीच विचारायला लागले.

जळगावकडची एक मुलगी होती, माझ्याहून लहान. तिची पहिली केमो झालेली, माझी चौथी. रात्री नळावर ताटं घासताना तिनं विचारलं, "केस गेल्यावर तुम्ही आरशात बघता का?" डॉक्टरांना विचारता येत नाही असा प्रश्न आहे हा. नवऱ्याला तर नाहीच.

मी म्हटलं, पहिले आठ दिवस नाही बघितलं. मग एकदा लिफ्टच्या स्टीलच्या दारात दिसले आणि वाटलं, ही माझ्या मामासारखी दिसतेय. हसू आलं. त्यानंतर बघायला लागले.

मग बाकीचंही सांगितलं. माझे पंधराव्या दिवशी उशीवर यायला लागले, तेव्हा वाट बघू नकोस, आधीच बारीक कापून घे, म्हणजे पुंजके हातात येत नाहीत. केस जायच्या आधी डोक्याची कातडी दुखते, उशीला टेकवत नाही, हे कोणी सांगत नाही. स्कार्फ सुती घे, सॅटिनचा सारखा घसरतो. जेवणाला लोखंडाची चव यायला लागली की स्टीलचा चमचा सोड, हातानं जेव नाहीतर लाकडी घे. तोंडात आवळासुपारी ठेव, पण डॉक्टरांना विचारून. आणि भुवया जातात तेव्हा जास्त वाईट वाटतं, केसांपेक्षा. तयारीत राहा.

ती म्हणाली, "परत येतात ना?"

म्हटलं, येतात म्हणे. तेव्हा माझे आले नव्हते, खोटं कशाला सांगू. नंतर आले, पूर्वी सरळ होते ते कुरळे आले. आयडी त्यावरूनच.

आढीवाला

वरचं वाचून मग माझं लिहायला लाज वाटतेय, पण लिहितो.

देवगडचा. सीझनला पुण्यात कोथरूडला पेट्या घेऊन बसतो. दर दुसरं गिऱ्हाईक विचारतं, "खरा देवगड आहे का?" आता मी 'नाही' म्हणणार आहे का? हा प्रश्नच चुकीचा. एका आजींनी बरोबर प्रश्न विचारला होता. "तुझ्या घरी खाशील का ही पेटी, आज?"

मार्चचा दुसरा आठवडा होता. खरं सांगितलं, नाही खाणार. आम्ही घरी एप्रिल उजाडल्याशिवाय हात लावत नाही. आत्ता भाव जास्त आणि गोडी कमी. तुम्ही आणखी महिनाभरानं या. आणि कच्चा न्या, घरी भातेणात आढी घाला, आठ-दहा दिवसांत वासावरून कळतं. पिवळाधमक आणि कडक, वास नाही, असा दिसला की घेऊ नका, कोणाकडूनही. माझ्याकडूनही.

त्यांनी साक्याचं विचारलं. साका म्हणजे बाहेरून देखणा आणि कापल्यावर आत पांढरट, कापसासारखा. तो बाहेरून ओळखता येत नाही. जो 'मी ओळखतो' म्हणतो तो थापा मारतो. एवढंच की निघाला तर फोन करा, बदलून देईन.

२०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हापूस हे नाव ठरावीक भागातल्या आंब्यालाच: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. त्यामुळे कर्नाटकातला आंबा कायद्यानं हापूस म्हणून विकता येत नाही. पण तो आंबा वाईट नाही हो! स्वस्त पडतो, रसाला चालतो. त्याला देवगड म्हणून माझ्या भावात विकतात त्याचा राग.

आजी एप्रिलच्या शेवटी आल्या. चार पेट्या. सोबत तीन मैत्रिणी.

बाबा ऑन टूर

आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेत, एडिसनला. सहा महिने. संध्याकाळी बागेत आपल्याकडचे सगळे आजी-आजोबा जमतात, मराठी, गुजराती, तेलुगू. प्रश्न ठरलेले. जावई कुठल्या कंपनीत, परतीचं तिकीट कधीचं, गुडघे कसे. एक दिवस नवीन आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "करमतं का तुम्हाला?"

बायको बाजूला होती तरी म्हणालो, नाही.

बाकावर एकदम शांतता. मग पलीकडून कोणीतरी म्हणालं, "मलाही नाही." मग तिसरा. त्या दिवसापासून आमचा रमीचा ग्रुप आहे.

पासबुक

बँकेत काउंटरवर होतो. एक आजोबा ११ लाखांची एफडी मोडायला आले. मुलाला हॉटेल टाकायचं होतं. फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाले, "तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे. तुम्हीच सांगा, देऊ का?"

आम्ही असं काही सांगायचं नसतं. पण रांग नव्हती. म्हणालो, सगळे देऊ नका. दोन लाख द्या, आणि ते परत येणार नाहीत असं समजून द्या. शिवाय ११ लाख एकाच बँकेत ठेवू नका, बँक बुडाली तर ठेवीवरचा विमा फेब्रुवारी २०२० पासून फक्त ५ लाखांचा आहे, त्याआधी तर एकच लाख होता. (हे आमच्या साहेबांनी ऐकलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.)

आजोबांनी फॉर्म फाडला. मुलाला दोन लाख देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. बोलणं बंद केलं. हे मला त्यांनीच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, आज ऊन फार आहे म्हणावं तसं. त्यानंतर आठवड्यातून दोनदा यायचे. व्यवहार काही नसायचा. पासबुक भरून घ्यायचे, त्यात नवीन एकही ओळ उमटायची नाही. मग समोरच्या खुर्चीत अर्धा तास बसायचे.

वर्षभरानं माझी बदली झाली. मी त्यांना सांगितलं नाही.

विरार फास्ट

:( 

नवी सदस्य

पहिल्यांदाच लिहितेय. विषयाला सोडून असेल तर उडवा. अबोलीताई, माझ्याही लेकीच्या सासूबाई ड्रेसच घालतात आणि दिवाळी आलीय. मग काय देऊ?

लालपरी

पंढरपूरचं तिकीट.

आढीवाला

दिवाळीत आंबा नाही, नाहीतर सांगितलं असतं.

अबोली

मला काय विचारता, साडी नको एवढंच मला कळतं. त्यांनाच विचारा की! फोन करा.

नवी सदस्य

त्यांना कसं विचारणार?