देवराई आणि पाटाचं पाणी सामाईक ठेवायचंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गात आमच्या वाडीच्या डोक्यावर देवराई आहे. तिथल्या झऱ्याचं पाणी पाटाने खाली पोफळीच्या बागांत येतं. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. दिवाळीनंतर पाट उपसायला घरटी एक माणूस, मग चिरा घसरलेल्या जागी चिखलमातीने लिंपण. जो येत नाही त्याची पाळी शेवटी. हे कुठेही लिहिलेलं नाही, पण आजीच्या लहानपणापासून असंच चाललंय.

आता वरचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं माळरान, विकायचं घाटतंय. सामाईक सातबारावर पन्नासेक नावं, निम्मी मुंबईत. त्यांच्यावर राग नाही, त्यांनाही पैशांची नड आहे. पण झरा कोणाच्या हिश्शात घालणार?

सामाईक साधनं लोक स्वतःचे नियम करून टिकवतात, हे दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेही. आम्ही आदिवासी नाही, म्हणजे त्या कायद्याप्रमाणे आम्हाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ७५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागणार.

कोकणात कोणी असा सामूहिक दावा केलाय का? ग्रामसभेचा ठराव कसा लिहिलात? की गावाच्या जैवविविधता नोंदवहीत आधी देवराई आणि झरा नोंदवून घ्यावा? आणि सड्याच्या खाजगी हिश्शाचं काय करायचं? ठरावाचा नमुना असेल तर कृपया इथे टाका. पुढची ग्रामसभा जवळ आली आहे.