शाईने लिहिलेल्या जुन्या वह्यांचं आम्ल कसं काढावं? मदत हवी आहे

आजोबांच्या हस्तलिखित वह्या जपायच्या आहेत. कडा तपकिरी पडल्यात, पान उलटताना कोपरा तुटून हातात येतो. पीएच पेनाची (कागदात आम्ल आहे का ते रंगाने दाखवणारं पेन) रेघ पिवळी उमटली, म्हणजे कागद आम्लयुक्तच. लगद्यात घातलेली तुरटी आम्ल तयार करते आणि सेल्युलोजचे धागे तोडत जाते, तसाच प्रकार असणार.

कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात पान बुडवलं की आम्ल मरतं आणि थोडं कार्बोनेट कागदात शिल्लक राहून पुढेही राखण करतं, इथवर वाचलंय. पण माझी अडचण शाईची आहे. ओला कापूस नुसता टेकवला तरी निळी अक्षरं त्याला लागतात, त्यामुळे पाण्याचा मार्ग बंदच. काही पानांवरची काळी शाई लोहयुक्त वाटते. ती अल्कलीने, म्हणजे अशा आम्ल मारणाऱ्या पदार्थाने, तपकिरी होते म्हणतात.

मग मॅग्नेशियम ऑक्साइडचे बारीक कण असलेला, बिनपाण्याचा फवारा चालेल का? हस्तलिखितावर कोणी वापरलाय? पानावर पांढरी भुकटी राहते का? ठिसूळ झालेला कागद त्याने पुन्हा मजबूत होणार नाही हे मान्य आहे, पुढची झीज मंदावली तरी पुरे. लॅमिनेशन मात्र कृपया सुचवू नका, ते नंतर काढताना पानच जाईल.