रिफायनरीतून न्यूक्लिअरमध्ये: सीझर-टू पुरेल का?

पुणे_स्ट्रेसवाला

नमस्कार मंडळी. माझा सगळा अनुभव रिफायनरीतल्या पाइपच्या ताणांच्या गणिताचा. बी३१.३ हा तिथला पाइपिंग कोड, सीझर-टू हे ताण काढणारं सॉफ्टवेअर, पंपाच्या नोझलवरचे लोड, एवढंच विश्व. आता आमच्या ऑफिसला एका अणुवीज प्रकल्पाचं पोटकंत्राट मिळालंय. कूलिंग वॉटरच्या काही लाइन आहेत, एएसएमई सेक्शन थ्री (अणुप्रकल्पांचा अमेरिकन कोड), क्लास ३ (क्लास १ सगळ्यात कडक). सीझरच्या यादीत तो कोड दिसतो, त्यामुळे आमचे लीड म्हणतात, कोड बदला, भूकंपाला नेहमीसारखं ०.३ जी स्टॅटिक (वजनाच्या ०.३ पट स्थिर जोर) लावा आणि मोकळे व्हा. क्लायंटने मात्र मजल्यागणिक रिस्पॉन्स स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती धक्का, याचे आलेख) पाठवलेत. वर विचारलंय की तुमच्या मशीनवर सॉफ्टवेअर व्हेरिफाय केल्याचा रिपोर्ट कुठे आहे? लायसन्स आमचं अधिकृत आहे, मग आणखी कसला रिपोर्ट? पुढे क्लास १ ची लाइनही येईल म्हणतात. नवं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल का?

पाइपिंग_बेलापूर

क्लास २ आणि ३ सीझरमध्ये आहेत, चालतं. व्हेरिफिकेशनचं मॅन्युअल वेंडरकडे तयार असतं, तेच जोडून टाक. टेन्शन नको.

डोंबिवली_निवृत्त

"जोडून टाक" वाचलं आणि राहवलं नाही.

पुणेकर, आधी तुमच्या ०.३ जी चं बघू. ते कुठून आलं, विचारा लीडना. स्टॅटिकनेच करायचं असेल तर अमेरिकन रिवाजाप्रमाणे स्पेक्ट्रमचं शिखर घ्या आणि त्याला दीडने गुणा. मग सपोर्टवर जे आकडे येतील ते सिव्हिलवाल्यांना दाखवा, ते तुम्हाला दारातूनच परत पाठवतील. म्हणून स्पेक्ट्रम चालवायचा. लाइन ज्या ज्या मजल्यांवर टेकलेली आहे त्या सगळ्यांचा मिळून वरचा घेर (प्रत्येक फ्रिक्वेन्सीला सगळ्यात मोठा आकडा) घ्यायचा. शिखरं दोन्ही बाजूंना १५ टक्के रुंद केलेली आहेत ना, हे क्लायंटकडून लेखी घ्या. दोन मजले किंवा दोन इमारती एकमेकींच्या सापेक्ष सरकतात, ती केस वेगळी. रिफायनरीतून आलेला माणूस ती हमखास विसरतो.

आता रिपोर्ट. लायसन्स म्हणजे पैसे भरल्याची पावती. उत्तर बरोबर आहे हे ती सांगत नाही. १३ मार्च १९७९ रोजी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने पाच अणुभट्ट्या बंद करायला लावल्या: बीव्हर व्हॅली १, फिट्झपॅट्रिक, मेन यांकी, सरी १ आणि सरी २. पाइप फुटला नव्हता, गळतीही नव्हती. पाइपिंगच्या भूकंप-गणितासाठी वापरलेला प्रोग्राम बेरीज चुकीची करत होता. आडव्या भूकंपाने एखाद्या एल्बोवर (पाइपच्या वळणावर) +४० मोमेंट (वाकवणारा जोर) आला आणि उभ्याने -३५, तर प्रोग्राम सरळ चिन्हासकट बेरीज करून ५ सांगायचा. भूकंपात हे दोन धक्के असे ठरवून एकमेकांना खोडत नाहीत. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेतलं तर ५३ येतं, नुसती चिन्हं सोडून बेरीज केली तर ७५. कुठे ५ आणि कुठे ५३! बीव्हर व्हॅलीत एका फेरबदलासाठी नव्या प्रोग्रामने गणित केलं आणि आकडे जुळेनात, तेव्हा हे उघडकीला आलं. पंधरा दिवसांनी थ्री माईल आयलंडचा अणुभट्टीचा अपघात घडला आणि ही गोष्ट मागे पडली. आमच्या धंद्यात मात्र कोणी विसरलं नाही.

त्यानंतर आयोगाने नमुना गणितं छापून घेतली, नुरेग/सीआर-१६७७ या नावाने. पहिला खंड १९८० चा. वेंडरच्या मॅन्युअलमध्ये तीच असतात. ती तुमच्या मशीनवर, तुमच्या आवृत्तीत चालवा, फ्रिक्वेन्सी आणि मोमेंट छापील आकड्यांशी ताडून बघा आणि खाली सही करा. आवृत्ती बदलली की पुन्हा. क्लायंटला हवाय तो हा कागद. वेंडरचं मॅन्युअल त्यांच्या मशीनवरचं आहे, तुमच्या नव्हे.

पुणे_स्ट्रेसवाला

सर, खूप आभार. नमुना गणितं जुळली. स्पेक्ट्रमही चालवला, पण एक आकडा पचत नाही. १० इंची शेड्यूल ४० (पाइपची ठरावीक जाडी) ची लाइन, २० मीटर सरळ, एका टोकाला ॲक्सिअल स्टॉप (पाइपला लांबीच्या दिशेने अडवणारा आधार). त्या स्टॉपवर भूकंपाचा लोड फक्त ७० किलो दाखवतोय. लीड खूश आहेत, मी नाही.

डोंबिवली_निवृत्त

तुम्ही खूश नाही हे उत्तम. पाण्यासकट ती लाइन मीटरला १११ किलो धरा, म्हणजे सव्वादोन टन वस्तुमान त्या एका स्टॉपवर धडकणार. ते ७० किलोत कसं निभेल? पाइप लांबीच्या दिशेने फार ताठ असतो. हाताने काढून बघा, तो मोड (पाइपचं त्या दिशेचं नैसर्गिक कंपन) ४५ हर्ट्झच्या पुढे जाईल. तुम्ही गणित ३३ हर्ट्झला कापलंय ना? मग तो मोड गणितात आलाच नाही आणि त्याचं वस्तुमानही गेलं. मिसिंग मासची दुरुस्ती चालू करा. स्पेक्ट्रमचं उजवं टोक ०.४ जी असेल तर लोड ९०० किलोच्या आसपास यायला हवा.

हात घातलाच आहे तर आणखी दोन गोष्टी बघा. सपोर्टपासून सपोर्टपर्यंत एकच लांब एलिमेंट (मॉडेलमधला तुकडा) टाकलाय का? मध्ये नोड (गणिताचा बिंदू) नसेल तर तिथे वस्तुमान नाही, आणि वस्तुमान नाही तर मधला भाग हलणारच नाही. दुसरं, मोटर लावलेले व्हॉल्व्ह. मोटरचं वजन पाइपच्या मध्यरेषेवर ठेवलं की पीळ गायब होतो. मेकरच्या ड्रॉइंगवरून गुरुत्वमध्य घ्या, ताठ एलिमेंट बाहेर काढा आणि वजन त्याच्या टोकाला लटकवा. मोटरपाशी किती जी येतो तोही छापा, व्हॉल्व्हवाले विचारतील.

ओंटारियो_मराठी

क्लास १ बद्दल: नुसत्या सीझरवर भागणार नाही. एनबी-३६०० (सेक्शन थ्रीमधला क्लास १ पाइपिंगचा भाग) चा हिशेबच वेगळा. पाइपच्या जाडीतून तापमान कसं चढतं-उतरतं, प्रत्येक ट्रान्झियंट (तापमान-दाबाचा तात्पुरता चढउतार) किती वेळा येतो, यावरून थकव्याचा वापर काढायचा आणि तो सगळा मिळून १ च्या आत ठेवायचा. त्यासाठी पाइपस्ट्रेस किंवा ऑटोपाइप न्यूक्लिअर लागतं. पण सॉफ्टवेअर नंतर घ्या. ट्रान्झियंटची यादी क्लायंट देणार की तुम्ही बनवणार, हे कंत्राटात आधी वाचा. लायसन्सपेक्षा माणसांचे तास तिथेच जास्त खर्च होतात.

पुणे_स्ट्रेसवाला

मिसिंग मास चालू केलं, ८८० आले. लीडना ४० आणि -३५ चं गणित कागदावर करून दाखवलं, त्यांनी ०.३ जी चा आग्रह सोडला. आता तो स्टॉप नव्याने डिझाइन करावा लागेल, भिंतीतली प्लेट पुरत नाहीये. व्हॉल्व्हची ड्रॉइंग मागवलीत.

डोंबिवली_निवृत्त

प्लेटचे अँकर बोल्ट तपासताना प्लेट ताठ धरू नका. ती वाकते आणि बोल्टवरचा ओढ वाढतो. त्यावरही अमेरिकेत १९७९ सालीच बुलेटिन निघालं होतं, ७९-०२. शोधा आणि वाचा.