ऑफिसची दिवाळी पार्टी: ठेवायची की पैसे वाटून मोकळं व्हायचं?

तात्पुरता_बाणेरकर

नमस्कार मंडळी, बाणेरला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, म्हणजे माझी नाही, मी नोकरमाणूस, टीम लीड. सगळे मिळून ६४ जण. दिवाळीच्या आधी दरवर्षी ऑफिसची पार्टी असते आणि यंदा ती उरकायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण मागच्या मीटिंगमध्ये मी जरा जास्तच बोललो. बजेट माणशी १५०० रुपये.

मागच्या वर्षीचं सांगतो म्हणजे कळेल. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला मुळशी रोडवर एक लॉन घेतलं होतं, तिथे एक भाड्याचा अँकर माईक घेऊन आवाज येत नाहीये पुणेकर असं ओरडत होता आणि आम्ही पुणेकर खुर्च्यांवर हात बांधून बसलेलो, मग मोठ्या साहेबांचं पाऊण तास भाषण, ते पण स्लाइड्स लावून, आणि जेवण उघडलं साडेदहाला. पनीर टिक्का गारढोण. निम्मेच लोक आले होते आणि त्यातले दहाबारा जण भाषण चालू असतानाच टेबलाखाली फोन धरून कॅब शोधत होते. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो पडले, सगळ्यांनी टाळ्या टाकल्या, मी पण टाकल्या.

यंदा मी हळूच एकेकाला विचारून बघितलं तर एका पोराने सरळ सांगितलं, दादा ते १५०० हातात द्या, आईला साडी घेतो. पटलं मला. वर १८ जण कायमचे घरून काम करतात, कोल्हापूर, नांदेड, अकोला असे पसरलेत, त्यांना पार्टीचा उपयोग काय.

पण दुसरी बाजू पण आहे. गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये एका मुलाने मला विचारलं, सर तुम्ही कुठल्या कंपनीत? तो माझ्याच प्रोजेक्टवर आहे हो! आठ महिने रोज कॉलवर बोलतोय आम्ही, कॅमेरे बंद, त्यामुळे त्याने मला पाहिलंच नव्हतं आणि मी त्याला. तेव्हापासून वाटतंय की काहीतरी पाहिजे. तर आता ह्या पार्ट्यांमध्ये राम राहिलाय का? तुमच्याकडे काय करतात?

तिरकस_पेठकर

पैसे द्या. विषय संपला.

आता कंपन्या पैसे न देता काय देतात ते पण लिहितो, कारण माझ्या माळ्यावर त्याचं म्युझियम झालंय. तांब्याच्या बाटल्या ७. कंपनीचं नाव छापलेल्या लॅपटॉपच्या बॅगा ४, त्यातल्या दोन कंपन्या आता नाहीत, बॅगा आहेत. सुगंधी मेणबत्ती, तिला फिनेलचा वास. आणि सोनपापडी. एकदा मी डब्याच्या बुडाला पेनने बारीक फुली मारून तो शेजारी दिला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तोच डबा तिसऱ्या मजल्यावरून माझ्याकडे परत आला. फुलीसकट.

चकलीची_आई

पार्टी वाईट नसते, वेळ वाईट असते. हे पुरुष मंडळींच्या लक्षात येत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते, राग मानू नका.

माझी मुलगी चार वर्षांची, पाळणाघर साडेसातला बंद होतं, सासूबाई गावी. आमच्याकडे पार्टी रात्री आठला हिंजवडी फेज २ मध्ये, मी राहते वाकडला, अंतर म्हणाल तर काहीच नाही पण त्या दिवसांत शुक्रवारी संध्याकाळी भूमकर चौकातून बाहेर पडून दाखवा आणि मग बोला. नाही गेले तर मॅनेजर सोमवारी गोड आवाजात विचारणार, अगं तू दिसली नाहीस. बरं गेले तर काय, साडी नेसून या, रांगोळी स्पर्धा, आणि रांगोळीला नावं आपोआप बायकांचीच लिहिलेली. घरी फराळ आम्ही करायचा, ऑफिसात रांगोळी पण आम्हीच काढायची, आणि पुरुषांनी कुर्ता घालून फोटोत उभं राहायचं. अवघड आहे.

अजून एक, ही गंमतीची गोष्ट नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आस्थापना कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती लागते आणि घरापर्यंत पोचवायची सोय पण मालकाने करायची असते. पार्टीच्या रात्री हीच कंपनी म्हणते की ही काय ड्युटी नाही, ज्याने त्याने आपापलं बघावं. आणि लॉनवर कोणी दारू पिऊन अंगचटीला आला तर ते ऑफिसबाहेर झालं असं म्हणून हात झटकता येत नाहीत बरं का, २०१३ च्या पॉश कायद्यात, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात, कामानिमित्त जिथे जाल ती जागा, कंपनीने दिलेल्या गाडीसकट, कामाचीच जागा धरतात. आमच्याकडे एका वर्षी असं प्रकरण झालं. समितीपुढे गेलं, मिटलं वगैरे, पण ती मुलगी नंतर कुठल्याच कार्यक्रमाला आली नाही आणि तो मात्र पुढच्या वर्षी अँकरिंग करत होता.

त्यामुळे माझं एकच मत, करायचं तर दुपारी, ऑफिसच्या वेळात. आमच्या संध्याकाळी आमच्याकडे राहू द्या. आमच्याच वेळेत बोलावून वर आम्हालाच पार्टी दिली म्हणायचं हे काय खरं नाही.

निवृत्त_फिटर

तुमच्याकडचं वाचून गंमत वाटली. मी भोसरी एमआयडीसीत ३१ वर्षं काढली, आमच्याकडे पार्टी हा शब्दच नव्हता. आमची खंडेनवमी.

आदल्या दिवसापासून मशीन उघडून साफ करायची, कुलंट म्हणजे मशीन थंड ठेवायचं पाणी काढायचं, चिपा म्हणजे धातूचा कीस झाडायचा, सुताच्या वेस्टने पुसून तेलाचा हात द्यायचा. मग ज्याची त्याने आपापल्या मशीनला हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार, नारळ. मार्केटयार्डातून झेंडू आणायला आमच्यातलेच दोघं पहाटे टेंपोने जायचे, भाव करायचे, त्यावरून परत आल्यावर भांडायचे. वर्गणी आमची, पेढे कंपनीचे. दुपारी घरच्यांना आत सोडायचे, एरवी गेटवर वॉचमन सख्ख्या भावाला पण आत घेत नसे. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा असेल, लेथपाशी उभा राहून म्हणाला बाबा ही तुमची आहे का? मी म्हणालो हो. कंपनीची होती, पण हो म्हणालो. साहेब लोक एकेका मशीनपाशी यायचे, आमच्या हातून प्रसाद घ्यायचे. भाषण नाही. कोणाला माईक दिसला तर पळून गेला असता.

एका वर्षी पगाराचा करार अडला होता, युनियनचं आणि मॅनेजमेंटचं पार फाटलेलं. पूजा झाली तरी. साहेब आले, प्रसाद घेतला, कोणी एक शब्द बोललं नाही, पण आले. त्याला पण हिंमत लागते.

सगळं गोडच होतं असं नाही. कंत्राटी पोरं एका बाजूला उभी राहायची, कारण त्यांच्या नावाची मशीन नसायची. पेढा मिळायचा, हार घालायला काही नसायचं. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही हे आता लिहायला लाज वाटते.

तुमच्याकडे मशीन म्हणजे लॅपटॉप, त्याची पूजा करा म्हणत नाही. पण तुमच्या त्या लॉनवर तुमचं स्वतःचं असं काय होतं?

एचआरवाली_पण_माणूसच

मी १४ वर्षं हेच काम केलं त्यामुळे शिव्या खायची सवय आहे, लिहू दे.

पैसे द्या म्हणणाऱ्यांसाठी आधी हिशोब. रोख १५०० दिले की ते पगारात धरतात, त्यावर टॅक्स कापला जातो. ३० टक्क्यांच्या स्लॅबवाल्याला सेस धरून हातात पडतात १०३२, आणि दिवाळीत १०३२ रुपये जमा झाल्याचा मेसेज आला की माणूस खूश होत नाही, पुटपुटतो. मी होते तेव्हा वर्षाला ५००० पर्यंतची भेटवस्तू किंवा व्हाउचर करमुक्त धरायचे म्हणून सगळ्या कंपन्या व्हाउचरच्या मागे, आत्ताचा आकडा तुमच्या सीएला विचारून घ्या. आणि बोनस हा वेगळा विषय आहे, लोक गल्लत करतात. १९६५ च्या कायद्यात बोनस किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के होता, पण तो ठरावीक पगाराच्या आतल्यांना, २०१५ च्या दुरुस्तीत ती मर्यादा महिन्याला २१,००० केली. म्हणजे आयटीतल्या बहुतेकांना तो लागूच नाही. फिटरकाकांकडे बोनस हक्काचा होता म्हणून पेढे गोड लागले, तुमच्याकडे पेढेच आहेत म्हणून लोक पेढ्यांचं वजन करतात. हे माझं निरीक्षण, चुकीचं असेल तर सांगा.

आता काकांनी कंत्राटी पोरांचं लिहिलं म्हणून माझं पण लिहिते. एका वर्षी मी १२० गिफ्ट बॉक्स मागवले, पटावर १२० माणसं, एक जास्त नाही एक कमी नाही, फार शिस्तीत. ते बॉक्स खालून वर आणून प्रत्येकाच्या टेबलावर ठेवायचं काम केलं हाउसकीपिंगच्या मावशींनी. एजन्सीची माणसं, आमच्या यादीत नव्हतीच. सगळं झाल्यावर मावशी म्हणाल्या, ताई ते मोठं रिकामं खोकं नेऊ का, नातीला बसायला होईल. मी हो न्या ना म्हणाले आणि परत लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. मला ते कळलंच घरी गेल्यावर, रात्री. माझा बॉक्स दुसऱ्या दिवशी दिला त्यांना पण त्याला काही अर्थ नव्हता.

तर बाणेरकर, तुमचा ६४ चा आकडा आहे ना, त्यात सिक्युरिटी, पँट्री, हाउसकीपिंग धरलेत का?

अकोल्यावरून_लॉगिन

घरून काम करणाऱ्यांचं कोणी विचारलं नाही म्हणून आलो भाऊ. आमच्यासाठी ऑनलाइन पार्टी ठेवू नका एवढी विनंती. मागच्या वर्षी दोन तास कॅमेरा चालू ठेवून हाउजी खेळलो, पुण्यातले सगळे एका खोलीत हसत होते आणि आम्हाला नुसता गोंगाट ऐकू येत होता, माझी फुल हाउस झाली ती पण म्यूट होतो म्हणून गेली.

बोलवायचं असेल तर दिवाळीच्या तोंडावर बोलवू नका, त्या दिवसांत पुण्याहून विदर्भात यायचं म्हणजे ट्रॅव्हल्सवाले किडनी मागतात. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० दिवस होतं, तारीख त्याच्या आत कळली नाही तर विसरा. वर्षातून एकदा काम काढून तीन दिवस बोलवा, तेव्हा जेवू एकत्र. दिवाळीला घरी फराळाचा डबा पाठवा. डब्यावर एचआरची छापील चिठ्ठी नको, टीमच्या कोणीतरी हाताने दोन ओळी लिहा.

तिरकस_पेठकर

@एचआरवाली, १०३२ पण चालतील.

खंडेनवमीचं आवडलं. आमच्या ऑफिसला नवमीला कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं होतं, एच दाबला की अजून चिकटतो.

तात्पुरता_बाणेरकर

उशीर झाला उत्तर द्यायला, रिलीज होता.

एचआरवाली ताई, नव्हते धरले. खाली जाऊन मोजून आलो, ९ जण आहेत. नाव फक्त दोघांचं माहीत होतं मला, त्यातलं एक चुकीचं निघालं. चार वर्षं त्यांना शिंदे काका म्हणत होतो आणि त्यांनी एकदा पण दुरुस्त केलं नाही.

मग साहेबांशी बसलो. संध्याकाळ रद्द, लॉन रद्द, अँकर रद्द. वसुबारसेच्या आधीच्या बुधवारी दुपारी साडेबारा ते चार, ऑफिसच्याच गच्चीवर, चारनंतर सगळे घरी, कोणी परत लॉगिन करायचं नाही. हे शेवटचं कलम पास करायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. पाषाणच्या एका बचत गटाच्या बायका फराळ आणि गरम पुरी भाजी करून देतायत. बजेट तेच ९६,००० पण माणसं ७३, जेवणाला माणशी ४५० धरले, ८०० चं किराणा व्हाउचर सगळ्यांना सारखं, साहेबांना आणि मावशींना पण. राहतात पावणेपाच हजार, ते बाहेरगावच्या १८ डब्यांच्या कुरियरला. त्यांच्या वाटचं जेवण म्हणजे तो डबा. अकोल्याचे साहेब, चिठ्ठ्या हाताने लिहितोय, अक्षर समजून घ्या.

घरच्यांना आणा असं पण सांगितलंय, फिटरकाकांचं वाचून. मुलाला स्क्रीनवर काय दाखवणार हा प्रश्न आहे पण बघू. लिफ्टमधल्या त्या पोराला तयारीला घेतलंय, झेंडू आणायला पहाटे मार्केटयार्डात आम्ही दोघं जाणार आहोत.

रांगोळीला नावं चिठ्ठ्या टाकून काढली. चार निघाली, चारही पुरुष. माझं आहे त्यात.

भाषणाचं मात्र पूर्ण जमलं नाही, पाच मिनिटांवर तडजोड झालीय, उभ्याने.

चकलीची_आई

ठिपक्यांची काढा, कागद घेऊन दोन दिवस आधी सराव करा. रंग भरताना आधी हात कोरडे करा.

निवृत्त_फिटर

रात्रपाळीचा वॉचमन संध्याकाळी येत असेल. त्याचं ताट आधी काढून ठेवा, उरलेलं देऊ नका. चकली हवाबंद डब्यात ठेवा, गच्चीवर मऊ पडते.

तात्पुरता_बाणेरकर

काका, लिहून घेतलं.

तिरकस_पेठकर

सगळं छान. यादीत सोनपापडी नाही ना एवढं सांगा.

तात्पुरता_बाणेरकर

साहेबांनी स्वतःच्या खिशातून मागवलीय. ७३ डबे.