चर्चा: दशांश चिन्ह कळलं नाही, तर देश स्पर्धेत टिकणार कसा?

चाकणकर
चाकणच्या एका मशीन शॉपमध्ये अठरा वर्षं क्वालिटीचं काम बघतोय. गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रपाळीच्या मुलाने सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) टूल ऑफसेट, म्हणजे हत्यार किती सरकवायचं तो आकडा, बदलताना 0.02 च्या जागी 0.2 टाकलं. बुश म्हणजे धातूची छोटी नळी; तिच्या भोकाला (बोअरला) 25.02 मिलिमीटरपर्यंत मुभा होती. तपासताना त्याला 25.2 दिसलं, तरी काही खटकलं नाही. सकाळपर्यंत 140 नग भंगारात.

ओरडलो नाही. शेजारी बसवून कागदावर विचारलं, 0.5 मोठं की 0.25? म्हणाला, 0.25, पाचापेक्षा पंचवीस मोठे. मग 0.2 आणि 0.02? "एकच ना सर, शून्याला किंमत नसते." मुलगा आयटीआय झालेला, दहावीला 68 टक्के. हाताला चांगला आहे, वेळेवर येतो. पाचवीत जे कळायला हवं होतं ते राहून गेलं आणि पुढच्या प्रत्येक वर्गाने त्याला तसंच वर ढकललं.

हा एकटा नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या 48.8 टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. आठवीच्या 45.8 टक्के मुलांनाच साधा भागाकार जमला.

याचा निर्यातीशी संबंध काय, तर आमच्याकडे आठ मशीनमागे तीन माणसं नुसती तपासायला ठेवावी लागतात. त्यांचा पगार प्रत्येक नगाच्या भावात चढतो, आणि त्याच भावात आम्ही व्हिएतनामच्या कारखान्याशी टक्कर देतो. तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांनी 2012 च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत गणितात अमेरिकेला मागे टाकलं होतं. आपली तमिळनाडू आणि हिमाचल ही दोन राज्यं 2009 च्या फेरीत उतरली, तळाशी गेली, आणि पुढच्या फेरीत आपण भागच घेतला नाही. वीज, रस्ते, करसवलत यावर रोज चर्चा होते. पहिली ते पाचवी हा उद्योगाचा विषय आहे असं कुणीच का म्हणत नाही?

हिशेबी
तळमळ पोचली, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. केरळ 1991 मध्ये संपूर्ण साक्षर जाहीर झालं. कारखाने आले का? तिथली शिकलेली मुलं आखातात गेली. श्रीलंकेची शाळा आपल्यापेक्षा कितीतरी सरस, तरी 2022 मध्ये देशाला परकीय कर्ज फेडता आलं नाही. उलट बांगलादेशात शालेय शिक्षण यथातथाच, पण तयार कपड्यांच्या निर्यातीत तो जगातल्या पहिल्या काही देशांत. जमीन, बंदर, वीज आणि धोरणाची स्थिरता आधी लागते. पैसा आला की शाळा सुधारतात.

व्हिएतनामचंही पूर्ण चित्र सांगा. पंधरा वर्षांची बरीच मुलं तिथे तेव्हा शाळेबाहेर होती. चाचणी शाळेत टिकलेल्यांची झाली.

चाकणकर
शाळाबाह्य मुलांचा मुद्दा मान्य, तो मी सांगायला हवा होता. पण श्रीलंका बुडाली ती कर्ज, करकपात आणि एका रात्रीत बंद केलेल्या रासायनिक खतांमुळे. वाचता येणाऱ्या मुलांमुळे नाही. नुसत्या शाळेने कारखाना येत नाही, हे मीही म्हणतो. आलेला कारखाना शिवणकामाच्या पुढे सरकायचा असेल तर मात्र ड्रॉइंग वाचणारी माणसं लागतात. बांगलादेश अजून बव्हंशी कपड्यांवरच आहे. व्हिएतनामने कपडे-बुटांपासून सुरुवात केली आणि 2009 पासून तिथे सॅमसंगचे फोन बनू लागले.

झेडपीची बाई
चाकणकर सर, तुमचा मुलगा माझ्याच कुठल्यातरी वर्गातून गेला असेल, म्हणून लिहिते. मी बीड जिल्ह्यात आहे. शाळेचा पट 41, शिक्षक दोन, वर्ग पाच. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, असा कायद्याचाच हिशेब आहे. त्यात मतदार यादीचं काम, आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, आणि आता निरक्षरांचं सर्वेक्षण. ज्या दिवशी सोबतचे सर बैठकीला जातात, त्या दिवशी मी पाच वर्ग सांभाळते. सांभाळते म्हणजे शिकवते असं नाही.

आणि ऊसतोड. दसरा झाला की टोळ्या निघतात. आईबापाने उचल घेतलेली असते, लहान भावंडाला बघायला पोर बरोबर जातं. हंगामी वसतिगृह आहे, पण सात वर्षांच्या मुलीला मागे ठेवायला आईचा जीव होत नाही. माझी एक मुलगी दिवाळीत जोडाक्षरं वाचत होती. एप्रिलमध्ये परत आली तेव्हा 'क' आणि 'फ' मध्ये अडखळली. ती पटावर आहे, पुढच्या वर्गात जाईल, तुमच्या आकडेवारीत 'न वाचणारी' म्हणून मोजली जाईल.

एक प्रश्न तुम्हालाही. चाकणला माझा भाचा होता. सात महिने झाले की कामावरून ब्रेक, मग दुसरी कंपनी, दुसरा कंत्राटदार. त्याला कुणी बसवून शिकवलं नाही. जर्मनीत मुलगा दोन ते साडेतीन वर्षं कारखान्यात आणि शाळेत एकाच वेळी शिकतो, असं आपण कौतुकाने सांगतो. तुमच्याकडे किती दिवस शिकवतात?

चाकणकर
बाई, चार दिवस. त्यातला एक सेफ्टीचा. सात महिन्यांचंही खरं आहे. ज्याला मी दशांश समजावून दिलं तो जुलैत जाईल आणि ते शिकवणं दुसऱ्या कंपनीच्या उपयोगी पडेल, म्हणून मालक त्यावर खर्च करत नाहीत. सगळं शाळेवर ढकलणं माझं चुकलं.

हिशेबी
मग माझाच मुद्दा सिद्ध होतो. सगळ्यांना सुधारत बसलो तर पन्नास वर्षं जातील. आपण 1951 पासून आयआयटी उभारल्या, वरचा थर घडवला, त्यातूनच सॉफ्टवेअर उभं राहिलं. जिथे ताकद आहे तिथे पैसा घाला.

साताऱ्याचे काका
हिशेबी, हा वाद जुना आहे. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडलं होतं की महसूल रयतेच्या घामाचा, आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये ते सक्तीचं आणि मोफत केलं. जपानने 1872 मध्येच गावोगाव शाळा काढायचा कायदा केला, तेव्हा तो काही श्रीमंत देश नव्हता. तुमच्या 'पैसा आला की शाळा' याला हे उत्तर आहे.

सॉफ्टवेअरमध्ये 50 लाखांच्या आसपास माणसं. काम करणारे हात 50 कोटींच्या वर. त्या बाकीच्यांना कुठल्या थरात बसवणार?

हिशेबी
जपानचं उदाहरण मला खोडता येत नाही. तरी रुपया एकच असेल तर तो आयटीआयला द्यावा की पहिलीला, यावर मी आयटीआयच म्हणेन. अठराव्या वर्षी शिकवलेलं लगेच कामाला येतं.

झेडपीची बाई
अठराव्या वर्षी तुम्ही त्याला 0.2 आणि 0.02 शिकवणार, आणि त्याला सूचना वाचता येत नसेल तर प्रत्येक नवीन मशीनला पुन्हा पहिल्यापासून. नऊ वर्षांच्या मुलाला मी एक मीटरची टेप हातात देते. 0.5 म्हणजे 50 सेंटिमीटर, 0.25 म्हणजे 25, 0.02 म्हणजे फक्त दोन. बोट ठेवून दाखवलं की विसरत नाही. तीन तासिका लागतात. त्या तीन तासिका मला सलग मिळत नाहीत, एवढीच अडचण आहे.

चाकणकर
बाई, भंगारातले ते बुश ठेवलेत. चांगला एक आणि वाया गेलेला एक, अशा जोड्या करून पाठवू का? सोबत एक जुना डिजिटल व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, देतो.

झेडपीची बाई
दहा जोड्या पुरेत. दसऱ्याच्या आत मिळाले तर बरं, नंतर निम्मा वर्ग नसतो.