ओईटी: बाराशे शब्द पाठ, तरी पेशंट काय म्हणतोय ते कळत नाही

मिरजेची_सिस्टर:
नमस्कार. मी मिरजेत एका हॉस्पिटलला आयसीयूत आहे, सात वर्षं झाली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा. यूकेला जायचं म्हणून ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा, देतेय. तिथे नर्सची नोंदणी करणाऱ्या एनएमसीला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये बी ग्रेड लागते, रायटिंगला सी प्लस चालते. माझं घोडं अडतं ते लिसनिंगला.

दोनशेपानी वही केलीय. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. नाइटला पहाटे तीन-चारच्या सुमारास मॉनिटर शांत असले की पाठ करत बसते. रोज तीस. बाराशेच्या वर गेलेत. आणि परवाच्या सराव पेपरात ती बाई म्हणाली, 'आय वॉज सिक ट्वाइस इन द नाइट'. माझ्या वहीत सिक म्हणजे आजारी. मी लिहिलं, रात्री दोनदा आजारी पडली. एका रात्रीत दोनदा कोण आजारी पडतं हो? लिहिताना मलाच हसू येत होतं, पण दुसरं काही सुचेना. उत्तर होतं, दोनदा उलटी झाली.

पाठ करण्यात कमी पडतेय की पद्धतच चुकतेय?

अग्रलेख_वाचक:
रोज इंग्रजी पेपर वाचा, अग्रलेखासकट. सहा महिन्यांत फरक दिसेल.

मिरजेची_सिस्टर:
दादा, अग्रलेखात कुणाला उलटी होत नाही.

लीड्सचा_गारठा:
अगं, मी पण याच वाटेने आले, आता इथे यूकेत चार वर्षं झाली. तुझी मेहनत कमी नाही, पण तू नवे शब्द गोळा करत बसलीयस आणि घोटाळा होतोय तो जुन्या, ओळखीच्या शब्दांत. आपल्याकडे नर्सचे कपडे घातले की जी ती सिस्टर. इथे सिस्टर म्हणजे वॉर्डची इनचार्ज. पहिल्याच दिवशी मी 'आय ॲम अ सिस्टर' म्हटलं आणि समोरची माझ्या बॅजकडे बघत राहिली. सर्जरी म्हणजे आपल्याला ऑपरेशन. इथे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यालाही सर्जरीच म्हणतात, त्यामुळे म्हातारी 'सर्जरीत जाऊन आले' म्हणाली तर टाके शोधू नकोस. आणि 'पूअरली' म्हणजे गरिबीत नव्हे, बरं नाहीये.

सगळ्यात मोठी फजिती सांगते. पहिल्या आठवड्यात ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरला एक जण म्हणाली, 'बॉवेल्स नॉट ओपन्ड, थ्री डेज'. बॉवेल म्हणजे आतडं हे पाठ होतं, ओपन तर पहिलीतलं पोरगंही सांगेल. मला वाटलं पोट उघडायचं राहिलंय, तीन दिवस ऑपरेशनची तारीख मिळत नाहीये! त्या आजोबांना तीन दिवस शौचाला झाली नव्हती, एवढंच.

तेव्हा वहीची उजवी बाजू बंद कर. शब्दासमोर पेशंटचं अख्खं वाक्य लिही, कोण कुणाला म्हणतंय त्यासकट. तीस नको, पाच पुरे. आणि मोठ्याने म्हण. ओईटीच्या रोल-प्लेमध्ये वही उघडता येत नाही.

निवृत्त_मास्तर:
चाळीसेक वर्षं तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि शब्दासमोर एकच अर्थ लिहायची ही खोड आम्हीच लावली, हे कबूल करतो. उलट बाजूने बघ. एखाद्या गोऱ्याने वहीत 'लागणे' लिहून समोर एक अर्थ लिहिला तर? भूक लागते, ठेच लागते, घरी जायला तास लागतो, दूध तळाला लागतं, तो माझा मामा लागतो. बिचारा पहिल्याच वाक्यात मामाला ठेच घालेल. 'गेट', 'टेक', 'ऑफ' यांचं तसंच आहे.

इंग्रजी-मराठी कोश जवळ ठेव, पण सोबत शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोशही घे. १९८७ साली आलेला कॉलिन्स कोबिल्ड मला आवडतो. त्यात अर्थच पूर्ण वाक्यात देतात, म्हणजे शब्द कुणासोबत उठतो-बसतो ते आपोआप दिसतं. जुनी आवृत्ती रद्दीवाल्याकडे मिळाली तरी चालेल.

मिरजेची_सिस्टर:
ताई, ते आतडं वाचून ड्यूटीरूममध्ये एकटीच हसत होते, आयाबाई येऊन बघून गेल्या.

काल रात्री नवी वही सुरू केली. तीस सोडून एकच शब्द घेतला, सरांनी म्हटलेला 'ऑफ'. पहिली ओळ 'आय ॲम ऑफ टुडे', ही मीच रोज म्हणते, सुट्टी. दुसरी 'द मिल्क इज ऑफ', दूध नासलं. तिसरी, मुलगी डॉक्टरला सांगतेय, 'ही इज ऑफ हिज फूड'. यासमोर मराठी लिहायला अडले. 'जेवत नाही' बरोबर वाटेना, नळी घातलेला पेशंटही जेवत नाही. मग आजी आजोबांबद्दल म्हणायची ते आठवलं, 'अन्नावर वासना नाही'. तेच लिहिलं.

आणि सर, रद्दीवाल्याकडे गेले होते. कोबिल्ड नाही मिळाला, नर्सिंगची जुनी गाइडं मात्र ढीगभर होती. एकात माझ्याच एका सीनियरचं नाव निघालं, ती आता आयर्लंडला असते.