भोपळ्याच्या शेतावर: स्वतः निवडून आणलेल्या भोपळ्यांचे अनुभव

सप्टेंबर सरत आला की अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंडमधील भोपळ्याची शेते पाहुण्यांसाठी खुली होतात आणि ऑक्टोबरअखेर, भोपळ्यावर चेहरा कोरून आत दिवा ठेवण्याच्या हॅलोविन या सणापर्यंत, गजबजलेली राहतात. तिकडच्या मराठी घरांतूनही दरवर्षी एक फेरी शेताकडे होतेच. मुलांना चेहरा कोरायला भोपळा हवा असतो, भारतातून आलेल्या आजी-आजोबांना शेत पाहायचे असते आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या डोक्यात भाजी, भरीत नाहीतर घारगे असतात. या सगळ्या गरजा एकाच भोपळ्याने भागत नाहीत, आणि शेतावरच्या गर्दीत हे समजावून सांगायला कोणाला सवड नसते. आपण कोणत्या भागातल्या शेतावर जाता, तिथे भोपळा खरोखर वेलीवरून तोडायला मिळतो का, निवडताना नेमके काय पाहता आणि घरी आणल्यावर तो कसा टिकतो, हे कृपया सविस्तर लिहावे. पुढच्या वर्षी जाणाऱ्याला हाताशी ठेवता येईल असे काही त्यात असावे, एवढीच विनंती आहे.

मध्य न्यू जर्सी

प्रिन्स्टनच्या परिसरात सफरचंदांच्या बागा आणि भोपळ्याची शेते जवळजवळ आहेत, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही कामे होतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीत गवताच्या गासड्यांवर बसून शेतापर्यंत जायचे, हव्या त्या ओळीत उतरायचे आणि परतीच्या गाडीने भोपळ्यासह यायचे, अशी इथली पद्धत आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातील शनिवार-रविवार शक्यतो टाळावेत, कारण दुपारपर्यंत रस्त्यालगतच्या ओळींतले चांगले भोपळे संपलेले असतात. जावेच लागले तर गाडी शेवटच्या थांब्यावर सोडावी आणि शेताच्या कडेकडेने चालत जावे.

कोरण्यासाठी भोपळा निवडताना आमच्या घरी सर्वांत आधी देठ पाहिला जातो. देठ जाड, टणक आणि सालीशी घट्ट जुळलेला हवा. तो हिरवट असला तरी चालतो, पण मऊ किंवा सुरकुतलेला नको. देठ तुटलेला भोपळा कितीही देखणा असला तरी आम्ही घेत नाही, कारण त्या जखमेतूनच बुरशी आत शिरते आणि काही दिवसांत वरचा भाग पाणथळ होतो. याच कारणाने देठाला धरून भोपळा उचलू नये. दोन्ही हात खाली घालून तो पोटाशी धरावा, आणि लहान मुलांना हे गाडीतून उतरण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

त्यानंतर भोपळा उलटा करावा. जिथे तो जमिनीवर टेकलेला असतो तिथे फिकट पिवळा डाग असणे स्वाभाविक आहे. मात्र त्या जागी अंगठ्याने दाबल्यावर साल दबली किंवा ओलसर लागली तर तो तिथेच ठेवावा. तळ सपाट असेल तर भोपळा पायरीवर डुगडुगत नाही आणि आतला दिवाही सरळ राहतो. काही शेतांत वजनावर पैसे घेतात, काही ठिकाणी आकारावर. जिथे आकारावर घेतात तिथे जाड सालीचा, हाताला जड लागणारा भोपळा घेण्यात फायदा आहे.

पिओरियाजवळ, इलिनॉय

मला स्वयंपाकाच्या भोपळ्याविषयीच लिहायचे आहे, कारण आम्ही राहतो तो भागच त्यासाठी ओळखला जातो. जवळचे मॉर्टन हे गाव स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवते. लिबीज या नावाने डब्यात मिळणारा भोपळ्याचा गर तिथल्या कारखान्यात तयार होतो आणि त्यासाठीची शेती आमच्या आजूबाजूलाच पसरलेली आहे. २००९ साली ऐन काढणीच्या दिवसांत इतका पाऊस झाला की यंत्रे शेतात उतरू शकली नाहीत, आणि देशभर डबाबंद भोपळ्याची टंचाई झाली.

त्या शेतांतला भोपळा पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो भोपळाच वाटत नाही. डिकिन्सन नावाचा हा वाण नारिंगी नसतो, कोरण्याच्या भोपळ्यासारखा गोलही नसतो. फिकट तपकिरी सालीचा, लांबट आणि गुळगुळीत असतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो कुकर्बिटा मोस्काटा या जातीत मोडतो, आणि आपल्याकडे मंडईत फोडी करून विकला जाणारा तांबडा भोपळाही बहुधा याच जातीचा असतो. हॅलोविनला कोरला जाणारा भोपळा मात्र कुकर्बिटा पेपो या वेगळ्या जातीचा आहे. त्यातला हाउडन हा सर्वपरिचित वाण जॉन हाउडन या मॅसॅच्युसेट्समधील शेतकऱ्याने उंच बांधा, गडद रंग आणि मजबूत देठ यांसाठी निवडून वाढवला. चव हा त्या निवडीचा हेतू नव्हता. त्याची भाजी केली तर पाणी सुटते, धागे लागतात आणि गूळ कितीही घातला तरी घारग्यांना रंग चढत नाही. दोष भोपळ्याचा नाही. तो त्या कामासाठी वाढवलेलाच नाही.

म्हणून शेतावर गेल्यावर मी सरळ वाणाचे नाव घेऊन विचारते. लाँग आयलंड चीज नावाचा एक जुना वाण पुष्कळ शेतांवर असतो. तो बसका, फिकट तपकिरी आणि वरून खाली रेघांनी विभागलेला असल्यामुळे आपल्या भोपळ्याशी त्याचे साम्य चटकन लक्षात येते. गर घट्ट, केशरी आणि गोड असतो. मेथीदाण्यांच्या फोडणीवर वाफवला की फोडी मोडत नाहीत. पिकलेला ओळखायचा तर सालीवर हिरवट छटा कुठेही राहिलेली नसावी, आणि नख रोवले तर साल भेदली जाऊ नये. हे वाण बहुधा कोरण्याच्या भोपळ्यांपासून दूर, शेडजवळच्या एखाद्या टेबलावर किंवा मागच्या ओळींत असतात. विचारल्याशिवाय तिथे कोणी नेत नाही, आणि विचारले की शेतकरी फार आपुलकीने सांगतात, असा माझा अनुभव आहे. हे वाण सापडत नसतील तर शुगर पाय नावाचा लहान नारिंगी भोपळा घ्यावा. तो पेपोच आहे, पण गोड आणि कमी धाग्यांचा आहे.

अ‍ॅन आर्बर, मिशिगन

माझे वडील सातारा जिल्ह्यातील शेतकरी आहेत. ते आमच्याकडे आले असताना आम्ही त्यांना अशाच एका शेतावर नेले. बाकीचे लोक नारिंगी रंग पाहत फिरत होते, वडील मात्र वेल शोधत होते. एका ठिकाणी ते उकिडवे बसले, वाळलेली पाने बाजूला केली आणि फळापासून मागे मागे जात वेलीचा मूळ बुंधा कुठे आहे ते त्यांनी बोटाने दाखवले. वेल आपोआप वाळत आली असेल तर फळ पुरते तयार झालेले असते. वेल हिरवीगार असताना तोडलेले फळ दिसायला भरलेले असले तरी पुष्कळदा कोवळे निघते, असे त्यांनी मुलांना समजावले. भुरी या बुरशीच्या रोगाने पाने लवकर गेलेल्या वेलीवरचे, उन्हात उघडे पडलेले भोपळे त्यांनी टाळायला सांगितले, कारण त्या बाजूची साल उन्हाने भाजून पांढुरकी आणि नरम पडते.

एक भोपळा एका अंगाने फुगलेला आणि दुसऱ्या अंगाने चपटा होता. मुलाने कारण विचारले, तेव्हा वडिलांनी नर फूल आणि मादी फूल यांतला फरक सांगितला. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीपासून असतो आणि मधमाश्यांनी पुरेसे परागकण आणले नाहीत तर फळ असे वेडेवाकडे भरते, हे ऐकल्यावर मुलांनी तोच भोपळा घ्यायचा हट्ट धरला. तोडण्यासाठी शेतावरूनच छाटणीची कात्री मिळते. देठ तीन-चार इंच ठेवून वेल कापावी, पिरगळून ओढू नये, हेही वडिलांनीच शिकवले.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

आमच्याकडून हाफ मून बे हे गाव जवळ आहे. महामार्ग क्रमांक ९२ च्या दोन्ही बाजूंना ऑक्टोबरमध्ये भोपळेच भोपळे दिसतात. जाण्यापूर्वी एक गोष्ट विचारून घ्यावी: भोपळे त्याच जमिनीत उगवलेले आहेत की दुसरीकडून आणून गवतावर मांडलेले आहेत? दुसरा प्रकार पुष्कळ ठिकाणी आढळतो. फोटोंसाठी तो सोयीचा आहे आणि चिखलही नसतो, पण मुलांना वेल दाखवायची असेल तर मला तो पुरेसा वाटत नाही. आणून ठेवलेल्या भोपळ्यांना वाहतुकीत ओरखडे पडलेले असतात, तेव्हा साल सर्व बाजूंनी फिरवून पाहावी.

याच गावात १९७४ पासून अजस्र भोपळ्यांच्या वजनाची स्पर्धा होते. २०२३ मध्ये मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंजर यांनी इथे आणलेला भोपळा २,७४९ पौंडांचा, म्हणजे सुमारे १,२४७ किलोचा भरला आणि तो त्या वेळचा जागतिक विक्रम ठरला. हे महाकाय भोपळे कुकर्बिटा मॅक्झिमा या तिसऱ्या जातीचे असतात. नोव्हा स्कॉशियातील हॉवर्ड डिल यांनी विकसित केलेल्या अटलांटिक जायंट या वाणापासून त्यांची परंपरा सुरू होते. स्वतःच्या भाराने ते जमिनीवर पसरट झालेले असतात. एकदा तरी पाहावेत असे ते आहेत.

हॅम्पशायर, इंग्लंड

इथे ऑक्टोबरमध्ये पाऊस ठरलेला, त्यामुळे गमबूट आणि जादा मोजे न्यावेत. ढकलगाडी शेतावर मिळते, पण चिखलात ती मुलांना ओढवत नाही. खाण्यासाठी क्राउन प्रिन्स नावाचा निळसर राखाडी सालीचा भोपळा मिळाला तर अवश्य घ्यावा. आत गर्द केशरी, घट्ट आणि गोड गर असतो, आणि रायते फार छान होते. साल फार कठीण असते. सोलण्यापूर्वी अर्धे करून ओव्हनमध्ये थोडे भाजून घ्यावे.

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स

टिकवण्याबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. शेतावरून आणलेला भोपळा आधी कोरड्या फडक्याने पुसावा आणि आठ-दहा दिवस २७ ते २९ अंश सेल्सिअसच्या उबदार, हवेशीर जागी ठेवावा. त्याने साल आणखी कडक होते आणि बारीक ओरखडे भरून येतात. पुढे १० ते १३ अंश तापमानाची कोरडी जागा उत्तम. तळघराच्या फरशीवर थेट न ठेवता पुठ्ठ्यावर किंवा फळीवर, एकमेकांना न चिकटवता ठेवावेत. सफरचंदांच्या पेटीजवळ ठेवू नयेत, कारण सफरचंदांतून सुटणाऱ्या इथिलिन वायूने भोपळे लवकर खराब होतात. मोस्काटा जातीचे भोपळे अशा रीतीने काही महिने राहतात. कडाक्याचे दव पडून गोठलेला भोपळा मात्र आतून मऊ पडतो, म्हणून पहिल्या कडक हिमाच्या आधीच शेताची फेरी उरकावी. कोरलेला भोपळा फार तर आठवडाभर टिकतो. तो हॅलोविनच्या दोन-तीन दिवस आधी कोरणे योग्य.

टोरोंटो परिसर, कॅनडा

मी परसात थोडे भोपळे लावते, त्या अनुभवातून एक सूचना करते. शेतावरून आणलेल्या भोपळ्याच्या बिया मुले हौसेने रुजवतात. पण मोठ्या शेतांत पेपो जातीचे अनेक प्रकार, त्यांत शोभेची रंगीबेरंगी छोटी भोपळीही, शेजारी शेजारी असतात आणि मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतात. त्या वर्षीच्या फळात फरक जाणवत नाही, पण त्याच्या बियांपासून पुढच्या वर्षी येणारे फळ कडू निघू शकते. हा कडूपणा कुकर्बिटासिन या द्रव्याचा असतो, शिजवून तो जात नाही आणि त्याने पोट बिघडते. कच्चा तुकडा जिभेला लावून कडू लागला तर भोपळा सरळ टाकून द्यावा. लावायचे बी पाकिटातलेच घ्यावे; शेतावरच्या भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून मंद आचेवर भाजाव्यात. शोभेची भोपळी स्वयंपाकघरात न आणता आम्ही दाराबाहेरच्या टोपलीत ठेवतो, म्हणजे ती चुकून भाजीत जात नाहीत.